स्थायूंचं रसायन: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये नवा वर्ग येतो आणि जुने प्रश्न येतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं बारावीला इंग्रजीतला ‘सॉलिड स्टेट’चा धडा उघडतात आणि पहिल्या चार पानांतच गळपटतात. खरं तर या धड्यातल्या बहुतेक गोष्टी त्यांनी घरात, गावात, रस्त्यावर पाहिलेल्या असतात. म्हणून वर्षानुवर्षं फळ्यापाशी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. ‘घन’ऐवजी ‘स्थायू’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द वापरला आहे, कारण ‘घन’ म्हटलं की चौकोनी ठोकळा आणि तिसरा घात दोन्ही डोक्यात येतात.

स्थायू म्हणजे आकार आणि आकारमान ठरलेलं असलेला पदार्थ, एवढंच ना?

हे उत्तर चूक नाही, पण त्याने फारसं काही कळत नाही. डांबराचा गोळा घ्या. हातोडी मारली की टकाटक फुटतो, म्हणजे स्थायू झाला. पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये तसलंच डांबर एका नरसाळ्यात भरलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. तेव्हापासून शतक सरत आलं, आणि पडलेले थेंब हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. म्हणजे ते द्रव आहे, फक्त भयंकर घट्ट.

त्यामुळे रसायनवाला वेगळा प्रश्न विचारतो: आतले कण कसे मांडलेले आहेत? २६ जानेवारीच्या संचलनातली तुकडी आणि संध्याकाळी सहाची दादर स्टेशनवरची गर्दी, दोन्हीकडे माणसं खेटून उभी. पण तुकडीत एका माणसाची जागा कळली की पन्नासाव्या रांगेतल्या माणसाचीही सांगता येते. दादरला शेजारचा कोण हेही सांगता येत नाही. पहिला प्रकार स्फटिकी, दुसरा अस्फटिकी. मीठ, साखर, तांबं, तुरटी पहिल्यात. काच दुसऱ्यात.

मिठाचा रेणू कसा दिसतो?

दिसत नाही, कारण मिठाच्या खड्यात रेणू नसतोच. हे वाक्य वर्गात म्हटलं की नेहमी कुणीतरी वहीतलं सूत्र दाखवतं: एक सोडियम, एक क्लोरीन. ते सूत्र प्रमाण सांगतं, जोडी सांगत नाही. खड्याच्या आत प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सहा क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचे आयन, असतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. प्रत्येक क्लोराइडभोवतीही तसेच सहा सोडियम. यातला ‘याचा तो’ कुठला? कुठलाच नाही. सगळा खडा मिळून एकच मांडणी.

हे पचायला मोठमोठ्यांनाही जड गेलं. हेन्री आर्मस्ट्राँग हे त्या काळातले नावाजलेले इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. मीठ म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी सोडियम-क्लोरीनची मांडणी, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. १९२७ मध्ये त्यांनी ‘नेचर’ साप्ताहिकात पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची कड घेतली. तेव्हा ही रचना सिद्ध होऊन चौदा वर्षं झाली होती! त्यामुळे तुम्हाला हे पटायला दोन तास लागले तर वाईट वाटून घेऊ नका.

साखरेचं मात्र वेगळं. खडीसाखरेच्या खड्यात सुक्रोजचे खरेखुरे रेणू असतात, ओळीने रचलेले, आणि एकमेकांना बऱ्यापैकी सैल धरून. म्हणून साखर १८६ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळू आणि करपू लागते. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. फोडणीच्या कढईत साखरेचा पाक होतो, मिठाचा कधी होत नाही, त्यामागे हेच.

ही मांडणी बघितली कुणी?

डोळ्यांनी कुणीच नाही. दृश्य प्रकाशाची लहर आयनांमधल्या अंतराच्या हजारपट मोठी, तिला ते अंतर जाणवतच नाही. क्ष-किरणांची लहर मात्र बरोबर त्या मापाची असते. १९१२ मध्ये म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागे फोटोची काच ठेवली. काचेवर ठिपके उमटले. तो पहिला स्फटिक होता मोरचुदाचा. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला लागतं तेच मोरचूद.

त्या ठिपक्यांचा सोपा अर्थ लावला लॉरेन्स ब्रॅग या बावीस वर्षांच्या पोराने. स्फटिकातल्या थरांवरून किरण आरशासारखे परततात, आणि दोन थरांवरून परतलेल्या लहरी विशिष्ट कोनातच एकमेकींना साथ देतात. तो कोन मोजला की थरांमधलं अंतर मिळतं. वडील विल्यम ब्रॅग यांनी उपकरण बनवलं, आणि १९१३ मध्ये मिठाची रचना हाती आली. १९१५ मध्ये बापलेकांना मिळून नोबेल मिळालं, तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता.

पण त्या मापांवर विश्वास कसा ठेवायचा?

स्वतः हिशेब करून. हा हिशेब मी दरवर्षी फळ्यावर करतो आणि उत्तर जुळलं की मला अजूनही बरं वाटतं.

मिठाच्या रचनेतला जो सगळ्यात छोटा ठोकळा पुन्हा पुन्हा रचला की अख्खा खडा तयार होतो, तो युनिट सेल. त्याची बाजू ०.५६४ नॅनोमीटर. घनफळ ०.५६४ चा घन, म्हणजे ०.१७९४ घन नॅनोमीटर. एका घन सेंटिमीटरमध्ये १० चा २१ वा घात इतके घन नॅनोमीटर बसतात, म्हणजे युनिट सेल झाले ५.५७ गुणिले १० चा २१ वा घात. प्रत्येकात चार सोडियम आणि चार क्लोराइड. (कोपऱ्यावरचा आयन आठ ठोकळ्यांत वाटला जातो आणि पृष्ठावरचा दोघांत, त्या वाटणीतून चार येतात. परीक्षेत इथेच मार्क जातात.) चारने गुणून ॲव्होगॅड्रो अंकाने (एका मोलमधल्या कणांच्या संख्येने), म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात याने, भागलं की ०.०३७ मोल. एक मोल मीठ ५८.४४ ग्रॅमचं. गुणाकार २.१६ ग्रॅम. आणि मिठाची तराजूवर मोजलेली घनताही तेवढीच, दर घन सेंटिमीटरला २.१६ ग्रॅम.

गंमत अशी की ब्रॅग मंडळींनी हाच हिशेब उलटा केला होता. घनता माहीत होती, त्यावरून अंतर काढलं, आणि अंतरावरून क्ष-किरणांची लहरलांबी.

पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?

दोन कारणं, आणि बहुतेक ठिकाणी एकच सांगितलं जातं. पहिलं, मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड उरलेलं असतं आणि ते हवेतली वाफ हपापल्यासारखं ओढतं. दुसरं, अगदी शुद्ध मीठही हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा धरून विरघळायला लागतं. जुलैत कोकणात हवा ७५ च्या खाली येतेच कधी! म्हणून ‘आमचं मीठ शुद्ध नाही का?’ या प्रश्नाला उत्तर: शुद्ध असलं तरी रत्नागिरीत ओलं होणार, आणि मे महिन्यात नागपुरात अशुद्धही कोरडं राहणार. बरणीतले तांदळाचे दाणे थोडा ओलावा धरतात, पण झाकण घट्ट लावणं जास्त कामाचं.

जाड्या मिठाचा एखादा न फुटलेला खडा भिंगाखाली बघा. पुष्कळदा मध्ये पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा दिसतो, बारवेसारखा. मिठागरात स्फटिकाच्या कडा भराभर वाढतात आणि मध्यभाग मागे राहतो, त्यातून तो होतो.

‘क्लोज पॅकिंग’, म्हणजे अणूंची दाटीवाटीची रचना, पाठच होत नाही. काय करू?

लाडू करा. ताटात लाडवांचा एक थर खेटून लावा, प्रत्येकाभोवती सहा येतील. दुसऱ्या थराचे लाडू खालच्या खळग्यांत बसवा. तिसऱ्या थरापाशी दोन वाटा फुटतात: तिसरा थर बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येईल असा ठेवा, किंवा पहिल्या दोन्ही थरांनी मोकळ्या सोडलेल्या खळग्यांवर ठेवा. पहिली वाट षट्कोनी रचना, जस्त आणि मॅग्नेशियमची. दुसरी घनाकृती, तांबं, चांदी, सोनं, ॲल्युमिनियमची. दोन्हींत प्रत्येक लाडवाला बारा शेजारी, आणि ७४ टक्के जागा भरलेली.

याहून दाट रचता येत नाही असं केप्लरने १६११ मध्ये म्हणून ठेवलं. फळवाल्यांना ते आधीपासून माहीत होतं. गणिती सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये मांडली.

दुसऱ्या रचनेत थर एकमेकांवरून घसरायला दिशा जास्त मिळतात. मिठाईवरचा वर्ख ज्या धातूंचा ठोकतात त्या सोनं-चांदीची रचना हीच आहे. जस्ताचा वर्ख कुणी ठोकत नाही.

शिसपेन्सिलीत शिसं असतं का?

नाही. ग्राफाइट आणि चिकणमाती असते. पूर्वी ग्राफाइटलाच शिशाचा प्रकार समजत, तो गैरसमज आपल्या शब्दात राहून गेला.

ग्राफाइट म्हणजे कार्बन, आणि हिराही कार्बनच. ग्राफाइटच्या एका थरात अणू ०.१४२ नॅनोमीटर अंतरावर घट्ट बांधलेले, पण दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटरची फट. लिहिताना थर सुटून कागदावर येतात. हिऱ्यात प्रत्येक अणू चारही दिशांना बांधलेला, घसरायला थरच नाही. २००४ मध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत सोलत एकच थर वेगळा केला, ग्राफीन. त्याला २०१० चं नोबेल मिळालं.

आणि हो, नेहमीच्या दाबाला जास्त स्थिर ग्राफाइट आहे, हिरा नाही. अंगठीतला हिरा कधी ग्राफाइट होईल याची चिंता नको, वाट इतकी चढणीची आहे की तो तिकडे निघतच नाही.

तापवून पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो की मऊ?

माझा सगळ्यात लाडका प्रश्न, कारण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्याला हातोडीने बारीक चमकदार खळगे पाडतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं सजावटीचं नसतं, ठोकून भांडं कडक होतं. पण ठोकत राहिलं तर पत्रा हट्टी होतो आणि चिरतो. मग तो भट्टीत लाल करतात आणि पाण्यात बुचकळतात. बाहेर येतो तो मऊ, पुन्हा ठोकायला तयार.

आता लोहाराकडे या. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता घडवला, लालभडक तापवला, पाण्यात घातला. चर्रर्र! बाहेर येतो तो इतका कडक की दगडावर आपटला तर तुकडा उडेल. कृती तीच, फळ उलटं.

तांब्याचं आधी बघू. धातू वाकतो म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. पण अख्खा थर एकदम घसरायचा तर हिशेबाने प्रत्यक्षात लागतो त्याच्या शेकडो-हजारो पट जोर लागायला हवा. हे कोडं १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सोडवलं. स्फटिकात मधूनच एखादी अर्धवट ओळ घुसलेली असते, तिला डिसलोकेशन म्हणतात. कार्यालयातली मोठी सतरंजी ओढून सरकत नाही, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती ढकलत नेली की सरकते. डिसलोकेशन म्हणजे ती सुरकुती. ठोकल्यावर अशा लाखो सुरकुत्या तयार होतात, एकमेकींत अडकतात आणि पुढे सरकत नाहीत, म्हणून तांबं कडक होतं. भट्टीत अणूंना हालचाल मिळते, गुंता सुटतो, नवे स्वच्छ स्फटिक उगवतात. पाण्यात बुडवणं हे तांब्यासाठी फक्त लवकर गार करणं, आणि काळी पापुद्री उडवणं.

पोलादात दुसरंच नाटक. ९१२ अंशांच्या खाली शुद्ध लोखंडाची मांडणी वेगळी आणि वर वेगळी. वरच्या मांडणीत कार्बनला मावायला जागा आहे, जवळपास २ टक्क्यांपर्यंत. खालच्या मांडणीत फार तर ०.०२ टक्के. हळूहळू गार केलं तर कार्बन शिस्तीत बाहेर पडून वेगळं संयुग करतो. पाण्यात एकदम घातलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही, तो आतच चेमटतो आणि मांडणी ताणून वाकडी करतो. त्या ताणलेल्या रचनेत सुरकुती सरकत नाही. त्यालाच लोहार ‘पाणी पाजलं’ म्हणतो. मग तो पातं पुन्हा हलकं तापवतो आणि चढणारा रंग बघतो, आधी गवती पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा. हे साधारण २२० ते ३०० अंशांमधले रंग. हव्या त्या रंगाला थांबला की थोडा कडकपणा जाऊन चिवटपणा येतो. हातात तापमापक नसतो, तो रंग वाचतो.

कमानपाटाच का? कारण त्यात कार्बन पुरेसा असतो. खिडकीच्या साध्या पट्टीला कितीही पाणी पाजा, ती ढिम्म.

मग सोन्यात तांबं का मिसळतात? फसवायला?

२२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, हॉलमार्कवरचा ९१६ तोच. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा लहान. तो मध्ये बसला की थर गुळगुळीत राहत नाहीत आणि सुरकुती अडखळते. शुद्ध २४ कॅरेटची रोजच्या वापरातली बांगडी महिन्याभरात वाकडी होईल. फसवणूक प्रमाणात असते, मिसळण्यात नाही.

काच हळूहळू वाहते, खरं का?

नाही. युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा खाली जाड असतात, कारण त्या काळी काच एकसारखी बनतच नसे. काच हा अस्फटिकी स्थायू आहे. वाळू एकटी वितळवायला १७०० अंशांच्या आसपास जावं लागतं. सोडा घातला की ते बरंच खाली येतं, पण काच पाण्यात विरघळणारी होते, म्हणून चुनाही घालतात. मोबाइलच्या मजबूत काचेत आणखी एक युक्ती: काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात, पृष्ठभागातले छोटे सोडियम आयन निघून मोठे पोटॅशियम आयन त्या जागी कोंबले जातात. पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि तड्याला तोंड उघडता येत नाही.

स्फटिकातला दोष म्हणजे वाईट माल?

उलट आहे. फोनमधली चिप दोषांवरच चालते. सिलिकॉन आधी कमालीचा शुद्ध करतात आणि मग मुद्दाम, मोजून, अशुद्ध करतात. अतिशुद्ध सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये खोलीच्या तापमानाला साधारण १००० कोटी मोकळे इलेक्ट्रॉन असतात. आकडा मोठा वाटतो, पण विजेच्या दृष्टीने नगण्य. आता दर दहा लाख सिलिकॉन अणूंमागे एक फॉस्फरसचा अणू बसवा. सिलिकॉनचे चार हात शेजाऱ्यांत गुंतलेले, फॉस्फरसकडे पाचवा इलेक्ट्रॉन रिकामा. तो सुटतो. मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ ५० लाख पटींनी वाढतात. दहा लाखांत एक, म्हणजे पोतंभर तांदळात एखाद-दुसरा खडा. आईने तो निवडून फेकला असता, इथे त्याच खड्याला किंमत.

वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्यावर विकतात ते चमकदार दगड कसले?

बरेचसे झिओलाइट आणि त्यांचे सोबती. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर खडकात मुरलेल्या गरम पाण्यातून त्या पोकळ्यांमध्ये स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत काळा दगड फोडला की आत पीच रंगाचं स्टिलबाइट किंवा हिरवट अपोफिलाइट निघतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं गडद निळं कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. घराच्या पायाला जातो तो दगड, आणि आतला खडा परदेशी संग्रहालयात!

नाव दिलं स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी, १७५६ मध्ये. तापवल्यावर दगडातून वाफ उकळून येताना दिसली, म्हणून ग्रीकमधून ‘उकळणारा दगड’. पाणी येतं कुठून? सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सांगाड्यात बोगदे असतात, रेणूंच्या मापाचे. पाणी त्यात राहतं, निघून गेलं तरी सांगाडा उभाच. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आला की सांगाड्यावर ऋण भार येतो, तो फेडायला सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन बोगद्यात सैल बसतात. सैल, म्हणून बदलता येतात. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींमध्ये कृत्रिम झिओलाइट असतं. ते बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम घेतं आणि सोडियम देतं, मग फेस होतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत ऑक्सिजन कमी पडला तेव्हा, हा दगड एकदम बातम्यांत आला. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन. नायट्रोजनच्या रेणूत विद्युतभार जास्त असमान वाटलेला असतो, म्हणून तो झिओलाइटमधल्या आयनांना जास्त चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे निघतो. घरोघरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये हेच चालतं. मुंबईच्या आयआयटीने तेव्हा नायट्रोजन बनवणाऱ्या यंत्रणेतली कार्बनची चाळणी काढून झिओलाइट घातलं आणि तिच्यातून ९३ ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन काढून दाखवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं झिओलाइट उत्प्रेरकांवरचं काम त्याच्याही कितीतरी आधीचं आहे.

धातूचे आयन आणि कार्बनी दांड्या जोडून असेच, पण हवे तसे बोगदे बांधणाऱ्या कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चं रसायनाचं नोबेल मिळालं.

सिमेंट वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडतं ना?

नाही! पाणी उडालं तर स्लॅब कच्चा राहतो. पाण्याशी कॅल्शियम सिलिकेटांची अभिक्रिया होते आणि अतिसूक्ष्म जाळं वाढत जातं, तेच वाळू-खडीला धरून ठेवतं. म्हणून स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवतात, आणि ताकद २८ दिवसांनी मोजतात. कळीच्या चुन्याचं तिसरंच. तो विरवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. त्याला घाई नसते.

एकच पदार्थ, एकच सूत्र, तरी गुणधर्म वेगळे असू शकतात?

याला बहुरूपता म्हणतात, आणि औषधवाल्यांची झोप ती उडवते. एचआयव्हीवरचं रिटोनाविर हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याच रेणूचे वेगळ्या मांडणीचे, कमी विरघळणारे स्फटिक अचानक तयार होऊ लागले. रेणूत एका अणूचाही फरक नाही, पण कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. घरगुती उदाहरण चॉकलेटचं. कोकोच्या चरबीची सहा रूपं आहेत, त्यातलं एकच तोंडात छान विरघळतं. उन्हात वितळून पुन्हा थिजलेलं चॉकलेट पांढुरकं होतं, ती बुरशी नव्हे.

गॅसच्या लायटरमध्ये सेल नसतो, मग ठिणगी कुठून?

काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन टोकांवर विरुद्ध भार येतात. क्युरी बंधूंनी हे १८८० मध्ये दाखवलं. लायटरमधली छोटी हातोडी तसल्या तुकड्यावर आपटते, काही हजार व्होल्ट तयार होतात.

हा धडा परीक्षेला आहे का?

राज्य मंडळाच्या २०२० च्या बारावीच्या पुस्तकात तो पहिलाच धडा आहे. एनसीईआरटीने २०२२-२३ मध्ये तो वगळला. मला तो निर्णय पटलेला नाही. ज्या धड्यात चिप, बॅटरी आणि कोयता एकाच पानावर येतात तो कापून वाचलं काय? पण तुमची प्रवेश परीक्षा कुठली, हे पाहून तिचा चालू अभ्यासक्रमच तपासा.

घरी स्फटिक वाढवायचा आहे. कुठला?

तुरटीचा. मोरचूद जास्त देखणं, पण विषारी, स्वयंपाकघरात नको. किराणा दुकानातून शंभर ग्रॅम तुरटी आणून कुटा. पेलाभर, म्हणजे २०० मिलीलीटर, पाणी कडकडीत तापवून त्यात चाळीसेक ग्रॅम विरघळवा आणि फडक्यातून गाळा. रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला बारीक खडे असतील. त्यातला सगळ्यात रेखीव निवडा, बारीक दोऱ्याला बांधा, उरलेलं द्रावण थोडी तुरटी घालून पुन्हा कोमट करा, पूर्ण गार होऊ द्या, आणि मगच दोरा सोडा. कोमट असताना सोडला तर निवडलेला खडा डोळ्यांदेखत विरघळतो. हे मी स्वतः तीनदा केलं आहे. एकदा पंख्याखाली ठेवला, तर पाणी भराभर उडून दोऱ्यावर पिठासारखी साय चढली. तेव्हा वर कागद झाका आणि पेला कोपऱ्यात ठेवा.

पंधरा दिवसांत दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखा अष्टफलक हातात येतो. द्रावणात शाईचा थेंब टाकून पाहा. पाणी निळं होतं, स्फटिक बहुधा बिनरंगीच राहतो, कारण शाईचा रेणू त्या मांडणीत बसत नाही.

वाढवलेला स्फटिक काही महिन्यांनी पांढरा पडला. का?

तुरटीच्या सूत्रात पाण्याचे बारा रेणू असतात, त्याला स्फटिकजल म्हणतात. कोरड्या हवेत पृष्ठभागावरचं स्फटिकजल हळूहळू निघून जातं आणि वर पांढरी भुकटी दिसते. ओल्या फडक्याने पटकन पुसा, सुकवा आणि बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात द्या. माझ्या टेबलावरचा अष्टफलक त्यावर टिकून आहे. एका कोपऱ्याला मात्र दोऱ्याची गाठ आत अडकलेली दिसते.